आमचे डायलटोन आणि सासूबाईंचं लाल बटण

माझा नवरा जळकुकडा आहे, पण वाईट नाही, हे मी लग्न झाल्यापासून लोकांना सांगत आले आहे. लोक वाक्याचा पहिला अर्धा भाग लक्षात ठेवतात आणि दुसरा विसरतात. म्हणून आज सगळंच सांगते.

टेलिफोन कंपनीत ह्यांना सगळे ‘डायलटोन’ म्हणतात. कारण कुणाच्याही घरी जावोत, दवाखान्यात जावोत, हे आधी तिथला फोन उचलून कानाला लावतात. बोलायचं कुणाशीच नसतं. टोन येतोय का, एवढंच ऐकायचं. तो आला की चेहरा निवळतो आणि मग घरच्यांकडे लक्ष जातं. मला पहिल्यांदा भेटायला आमच्या घरी आले तेव्हाही आधी फोन उचलला, मग माझ्याकडे पाहिलं. माझी आई म्हणाली, मुलगा कामाचा दिसतो. मी म्हटलं, फोनच्या कामाचा दिसतो.

ह्यांचं सगळं आयुष्य तारेत गेलं. कंपनीच्या तळमजल्यावर एक लांबट, बिनखिडक्यांची खोली आहे. शहरातल्या घराघरांच्या तारा जमिनीखालून तिथे येतात आणि लोखंडी चौकटीवर रांगेने बसतात. त्या खोलीत हे कमरेला चाचणीचा फोन लटकवून फिरत. मी त्याच इमारतीत चौकशीवर होते. कानाला हेडफोन लावून बसायचं. लोक विचारायचे, इथे जवळ दातांचा डॉक्टर कोण, कुलूप उघडून देणारा कुठे मिळेल, आणि मी नंबर शोधून त्यांना जोडून द्यायची. आता ते काम यंत्र करतं. मला त्या यंत्राचा हेवा वाटतो का? वाटतो. त्याचा घसा बसत नाही आणि त्याला कुणी ‘बाई, जरा लवकर’ असं म्हणत नाही.

पण माझा हेवा म्हणजे चहात पडलेली साखर, ढवळली की विरघळते. ह्यांचा तसा नाही. ह्यांचा तळाशी बसलेला आहे आणि त्याचं नाव आहे धाकटा भाऊ.

भावजी लहानपणी दम्याने आजारी असायचे. सासूबाई त्यांच्या उशाशी बसायच्या, आणि पलीकडच्या पलंगावरून ह्यांनी हाक मारली की उत्तर यायचं, ‘तू मोठा आहेस ना?’ हे चार शब्द ह्यांनी आयुष्यभर जपून ठेवलेत. कुणी दुकानात ह्यांच्या पुढे घुसलं, बसमध्ये जागा दिली नाही, तरी हे पुटपुटतात, ‘आपण मोठे ना.’ सासरे गेले तेव्हा हे शिक्षण अर्धवट सोडून तारेच्या खोलीत लागले. भावजी शिकले, त्यांचा दमा गेला, आणि त्याच कंपनीत ते टॉवरच्या बाजूला, म्हणजे मोबाइलच्या खात्यात, वरच्या मजल्यावर लागले. वरच्या मजल्यावर खिडक्या आहेत. चहाचं यंत्रही वरच आहे. ह्यांनी आजवर त्या यंत्राचा चहा चाखला नाही. घरून थर्मास नेतात आणि तळमजल्यावर पितात. थर्मासचं झाकण गळतं, शर्टावर डाग पडतात, पण वर जाणार नाहीत.

भावजींना रस्त्यावर लोक ओळखतात. आमच्या जिन्यातली बाई मला म्हणते, ‘तुमचे दीर किती हसतमुख.’ एवढं ऐकलं की आत ह्यांच्या पोटात दुखायला लागतं. खरंच दुखतं, ओवा लागतो.

माझंही सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल नवऱ्याचं तेवढं सांगितलं. सासूबाईंच्या खुर्चीवर जावेने दिलेली उशी आहे. निळी, कडेला नक्षी असलेली. मी दिलेली शाल कपाटात घडी घालून ठेवलेली आहे, ‘चांगली आहे म्हणून जपते’ असं त्या म्हणतात. त्यांच्या घरात शिरलं की माझी नजर आधी त्या उशीवर जाते. नवरा फोन बघतो, मी उशी बघते. देवाने जोडी बरी जमवली.

तर झालं असं की कंपनीने तारेची बाजू आणि टॉवरची बाजू एक केली. इतकी वर्षं दोन वेगळी घरं होती, आता एकच चूल. घरातला तारेचा फोन असो की खिशातला मोबाइल, माणूस एक, नंबर एक, सेवा त्याच. ऐकायला सोपं वाटतं. पण त्यात एक मेख होती, आणि ती मला चौकशीवर बसल्यामुळे चटकन कळली.

तारेच्या फोनला कधी काही विचारावं लागत नसे. तार जिथे नेईल तिथे तो जाणार. मोबाइल मात्र भटक्या. आज या टॉवरखाली, उद्या त्या. म्हणून तो जागा झाला की आधी विचारतो, इथे कोण कोण आहे? बोलणं कोण जोडून देईल, निरोप कोण पोचवेल, कुठे भेटेल? आणि जाळ्यातली एक जागा त्याला पत्ते देते. माझंच काम, फक्त हेडफोनशिवाय. दोन्ही बाजू एक झाल्यावर तारेच्या फोनलाही तसंच विचारायला शिकवलं गेलं. ह्यांना तो अपमान वाटला.

‘जो फोन जन्मात भिंतीवरून हलला नाही, त्याने कुणाला काय विचारायचं?’ हे जेवताना म्हणाले.

‘अहो, घर तेच असलं तरी शेजारी बदलतात ना.’

‘आमच्याकडे नाही बदलत.’

हे सगळं समजावायला कंपनीने वरच्या मजल्यावर वर्ग ठेवला आणि शिकवायला उभे केले भावजी. झालं. ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ‘ज्याला बुटाची नाडी बांधायला मी शिकवली, तो मला शिकवणार?’ असं म्हणून हे वर्गाच्या दिवशी तळमजल्यावर जुन्या तारांचे तुकडे रंगाप्रमाणे लावत बसले. त्या तुकड्यांचा कुणालाही उपयोग नव्हता. संध्याकाळी मी विचारलं, वर्ग कसा झाला? म्हणाले, ‘ठीक. नवीन काही नाही.’

मग कंपनीने घरच्या माणसांवरच प्रयोग करायचं ठरवलं. ज्याच्या घरी म्हातारं माणूस आहे, त्याने त्या माणसाच्या फोनला ‘मदत’ नावाची सेवा लावून घ्यायची. फोनवर एक लाल बटण. ते दाबलं की फोन जाळ्याला विचारतो, मदत कुठे आहे? जाळं पत्ते बघतं आणि घरच्या माणसाचा फोन वाजवतं, तो तारेचा असो की मोबाइल.

सासूबाई एकट्या राहतात. आमच्याकडे येत नाहीत, धाकट्याकडेही जात नाहीत. ‘एकीकडे गेले की दुसरा फुगेल,’ असं त्या म्हणतात, आणि तसं म्हणताना ह्यांच्याकडे बघतात. त्यांचं घर आमच्या आणि भावजींच्या घरांच्या मध्ये आहे. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या भिंतीला धरून चालतात. त्यामुळे लाल बटण त्यांच्यासाठीच केल्यासारखं होतं.

भावजींनी नुसतं म्हटलं, ‘दादा, आईच्या फोनला लावून टाकू का?’ ह्यांनी त्याच संध्याकाळी पेचकस घेऊन आईचं घर गाठलं.

‘हा फोन मी बसवला, बटणही मीच बसवणार,’ हे म्हणाले. भावजी दारात उभे राहून बघत होते. मदत करू का, असं त्यांनी विचारलं. ह्यांनी त्यांच्या हातात बिस्किटांचा पुडा दिला.

बटण बसवून झाल्यावर हे आईसमोर वाकून, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, ‘हे बघ आई. हे माझं बटण. काहीही लागलं, हे दाबायचं. दाबलंस की मी.’

‘बरं,’ सासूबाई म्हणाल्या.

तेव्हा पत्ता फक्त आमच्या घरचाच घातला होता. तिथूनच ह्यांनी बटण दाबून बघितलं. मी घरी होते, आमचा फोन वाजला, मी उचलला. ‘वाजला,’ मी म्हटलं. ‘वाजणारच,’ हे म्हणाले. आवाजात इतका आनंद मी आमच्या लग्नातही ऐकला नव्हता.

पण नियम असा होता की पत्ता एक चालत नाही, दोन हवेतच. पहिल्याने उचलला नाही तर दुसऱ्याकडे जायला नको का? त्यामुळे भावजींचा मोबाइल घालणं भाग पडलं. हे घरी येऊन कॉम्प्युटरसमोर बसले. मी शेजारी शर्टाला बटण लावत होते. पडद्यावर दोन पत्ते आणि प्रत्येकापुढे एक चौकट, तिच्यावर लिहिलेलं ‘प्राधान्य’. हे थोडा वेळ हनुवटी खाजवत बसले. मग आमच्या घरच्या फोनपुढे शंभर लिहिलं आणि भावजींच्या मोबाइलपुढे दहा.

‘अगदीच वगळला तर बरं दिसणार नाही,’ हे म्हणाले. ‘दहा पुरे त्याला.’

‘अहो, लहान आकडा आधी नसेल ना? रांगेत पहिला नंबर आधी जातो.’

‘रांगेत. तारेत नाही. तारेत जितका आकडा मोठा तितकं वजन मोठं.’

इथेच माशी शिंकली. तारेच्या जुन्या कामात ते खरंच होतं. ज्या वाटेचा आकडा मोठा, तिच्यावर जास्त फोन सोडायचे, त्याला हे लोक वजन म्हणत. ह्यांच्या बोटांना तीच सवय. नव्या जाळ्यात मात्र प्राधान्य म्हणजे रांग. दहा आधी, शंभर मागून. वरच्या मजल्यावरच्या वर्गात भावजींनी सुरुवातीलाच सांगितलेली गोष्ट होती ती. पण तेव्हा हे तारांचे तुकडे लावत बसले होते. पुन्हा चाचणीही घेतली नाही, कारण एकदा वाजलेला फोन वाजणारच, हा ह्यांचा धर्म. आम्हा दोघांना हे सगळं कळलं ते फार पुढे.

आणि मग आमचा फोन वाजेना.

सुरुवातीला ह्यांना बरं वाटलं, आईला काही त्रास नाही म्हणून. पण रविवारी तिकडे गेलो की सासूबाई सहज सांगायच्या, ‘धाकटा येऊन नळ नीट करून गेला.’ पुढच्या वेळी, ‘चष्मा कपाटामागे पडला होता, धाकट्याने काढून दिला.’ मग, ‘बरणीचं झाकण निघेना, तो आला म्हणून बरं.’

झाकण ऐकल्यावर हे बसल्या जागी ताठ झाले. घरी येताना रस्ताभर एकच. ‘माझं बटण दिलंय तिला. समजावून दिलंय. तरी झाकण काढायला तो लागतो? मला झाकण काढता येत नाही?’

‘मोबाइलवर लावत असतील त्यांना.’

‘आईला मोबाइल लावता येत नाही.’

‘मग भावजी आपणहूनच जात असतील.’

‘तेच म्हणतो मी. घुसतो. लहानपणापासून घुसतो.’

ह्यांनी आमच्या फोनवर पाळत ठेवली. फोन बाहेरच्या खोलीत तिपाईवर असतो. हे कामावरून आले की बूट न काढता आधी तो उचलून टोन ऐकायचे. मी बहिणीशी बोलत असले की समोर येऊन उभे राहायचे, हात मागे बांधून, परीक्षकासारखे. ‘लाइन मोकळी ठेव,’ म्हणायचे. न्हाणीघराचं दार उघडं टाकून आंघोळ करायला लागले, फोन ऐकू यावा म्हणून. माझ्या बहिणीने एक दिवस विचारलं, तुमच्याकडे कुणाचा फोन येणार आहे का? मी म्हटलं, हो, सासूबाईंचा. ती म्हणाली, त्यात एवढं काय? मी म्हटलं, ते तुला कळणार नाही, तुझा नवरा एकुलता एक आहे.

फोन वाजला की हे झडप घालायचे. कधी विमावाला, कधी चुकीचा नंबर. एका चुकीच्या नंबरवाल्याशी हे इतक्या प्रेमाने बोलायला लागले आणि मग इतके तुटक झाले की त्या बिचाऱ्याने माफी मागितली.

हळूहळू ह्यांनी आईकडे जाणंच कमी केलं. जायचे ते अंगातला कोट न काढता, खुर्चीच्या टोकावर बसायचे. सासूबाई सगळं बघत. एकदा निघताना त्यांनी ह्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, ‘तुझं लक्ष असतं रे माझ्यावर. कळतं मला.’

बाहेर आल्यावर हे माझ्याकडे वळले. ‘ऐकलंस? टोमणा.’

मलाही टोमणाच वाटला. कारण त्या बोलताना निळ्या उशीला टेकून बसल्या होत्या, आणि त्या उशीला टेकून कुणी काहीही गोड बोललं तरी मला ते टोमण्यासारखंच ऐकू येतं. त्या दिवसापासून ह्यांनी भावजींशी बोलणं सोडलं. इमारत एक, आडनाव एक, जिना एक, पण भावजी समोरून आले की हे वाकून बुटाची नाडी बांधायला लागायचे. भावजी थांबायचे, ‘दादा, बराय ना?’ म्हणायचे. हे नाडीला म्हणायचे, ‘बराय.’

दुसऱ्या एका शहरातही दोन बाजू एक होणार होत्या, तेव्हा तिथल्या लोकांना शिकवायला भावजी विमानाने गेले. ह्यांना सर्दी झाली होती म्हणून हे घरीच होते. दुपारची वेळ. मी कपडे वाळत घालत होते. फोन वाजला.

ह्यांनी तो उचलला नाही. तिपाईजवळ उभे राहून नुसते बघत राहिले. फोनच्या छोट्या पट्टीवर अक्षरं आली होती. मदत. आई.

‘अहो, उचला की.’

‘आईचा आहे,’ हे म्हणाले. जणू उचलला तर थांबेल.

मीच पुढे झाले, तेव्हा भानावर येऊन ह्यांनी माझ्या हातून रिसीव्हर ओढला. पलीकडून सासूबाई म्हणाल्या, न्हाणीघराच्या उंबरठ्यावर पाय मुरगळला, उठता येत नाही. घाबरू नका म्हणाल्या. हे सर्दीचा रुमाल तसाच हातात धरून जिना उतरले. पायात चपला माझ्या होत्या.

जाऊन बघतो तो सासूबाई जमिनीवर, पाय पसरून, भिंतीला टेकून बसलेल्या. बाजूला फोन उताणा पडलेला. तार धरून ओढून त्यांनी तो खाली पाडला होता आणि बटण दाबलं होतं. त्या गडबडीतही ह्यांच्या तोंडून निघालं, ‘बघ, तार होती म्हणून.’ मी उशी आणायला वळले, तेवढ्यात ह्यांनी कपाट उघडून माझी शाल काढली आणि आईच्या पायाखाली घातली. मला त्या क्षणी सासूबाईंच्या पायापेक्षा शालीचं बरं वाटलं. वाटलं ते वाटलं.

सासूबाईंनी ह्यांच्याकडे वर बघितलं. घाबरल्या नव्हत्या, नवल वाटल्यासारख्या दिसत होत्या.

‘आज स्वतः आलास?’ त्या म्हणाल्या. ‘धाकट्याला नाही पाठवलंस?’

ह्यांना काही समजलं नाही. ‘मी कधी पाठवतो त्याला?’

‘दर वेळीच की. मी तुझं बटण दाबते, फोनवर तो बोलतो आणि येतोही तोच. म्हणतो, दादाने पाठवलं. मी म्हणते, असू दे, मोठा कामात असतो. पण लक्ष असतं त्याचं, लगेच माणूस पाठवतो.’

हे शालीची घडी नीट करत होते. हात तिथेच थांबला.

‘दर वेळी माझं बटण दाबलंस?’

‘दुसरं कुठलं आहे? तूच सांगितलंस ना, हे माझं बटण म्हणून.’

डॉक्टर येऊन गेले. हाड शाबूत होतं, पायाला पट्टी बांधली. हे तेवढा सगळा वेळ आईच्या पायाशी स्टुलावर बसून होते, सर्दीने की कशाने कोण जाणे, सारखं नाक पुसत. मी स्वयंपाकघरात चहा टाकला आणि डोकं लढवलं. बटण ह्यांचं, जाळं विचारणार मदत कुठे आहे, आणि जाळं उत्तर देणार भावजी. आज भावजी परतीच्या विमानात, फोन बंद. म्हणून रांगेतला दुसरा पत्ता, आम्ही. शंभर आणि दहा. चहा उतू गेला तरी माझ्या लक्षात आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा ह्यांनी स्वतःच्या हाताने भावाच्या काखेत दिला होता.

भावजी परत आले ते विमानतळावरून थेट आईकडे, बॅग घेऊनच. आम्ही तिथेच होतो. त्यांनी आईचा पाय बघितला, मग ह्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. बांधायला नाडी नव्हती, हे अनवाणी होते.

‘दादा, माझा फोन बंद होता. नेमका आजच. तू पहिलं ठेवलं होतंस मला, आणि मीच नव्हतो.’

ह्यांनी त्यांच्या हातातली बॅग घेऊन खाली ठेवली.

‘मी कुणाला बोललो नाही,’ भावजी खाली बघत म्हणाले, ‘पण ते आकडे बघितले तेव्हा घरी हिला दाखवले. म्हटलं, बघ, दादाने मला दहा दिला आणि स्वतःला शंभर. माझ्याच वर्गातली गोष्ट, लहान आकडा पुढे. तू वर्गाला नव्हतास, तरी कुणाला तरी विचारून घेतलं असशील. आईचं बटण तुझं, मान तुझा, आणि पुढे केलंस मला. मग आईला दुसरं काय सांगणार? दादाने पाठवलं, हेच खरं होतं.’

‘अरे, त्यात काय,’ हे कसंबसं म्हणाले.

‘तुला त्यात काही नसेल. मला लहानपणापासून तुझा हेवा वाटायचा. मी पलंगावर पडून खोकत असायचो आणि आई प्रत्येक गोष्ट तुला विचारायची. दार लावू का, डॉक्टरला बोलावू का, आता काय करू. मला कधी काही विचारलं नाही कुणी.’

सासूबाई म्हणाल्या, ‘तो मोठा होता ना.’

तेच चार शब्द म्हणायचे, थोडे फिरवून. ह्यांनी आईकडे बघितलं, भावाकडे बघितलं, आणि मला भीती वाटली की आता हे खरं सांगून टाकतात. मी तोंडात मिठाची गुळणी धरली. ह्यांनीही धरली. भावजींच्या खांद्यावर हात ठेवला, एकदा दाबला आणि म्हणाले, ‘चहा घे.’

घरी येताना हे बोटांवर काहीतरी मोजत चालले होते.

‘लहान आकडा आधी?’ शेवटी विचारलं.

‘हो.’

‘तू म्हणाली होतीस.’

‘हो.’

‘त्याच्या मनात एकदाही आलं नाही की मी चुकलो असेन. किंवा मला पुढे राहायचं होतं. त्याच्या जागी मी असतो तर माझ्या मनात पहिलं तेच आलं असतं.’ हे थांबले. ‘चांगुलपणातही तोच पुढे. बघवत नाही मला.’

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. ह्यांचा तर सुंभही पुरता जळला नव्हता.

घरी आल्यावर कॉम्प्युटर लावला. मी मागे उभी राहिले. आपल्या नावापुढचा शंभर पुसून एक लिहिला. एक म्हणजे सगळ्यात पहिला, भावजींच्याही पुढे. त्या एककडे बघत बसले. तो ठेवला असता तर दुसऱ्या दिवशीपासून बटण दाबलं की आमचाच फोन वाजला असता, आणि भावजींना लगेच कळलं असतं की दादाने दिलेलं परत घेतलं. इतके दिवस ह्यांना जे हवं होतं ते एका बोटावर होतं. हे बराच वेळ नाक पुसत राहिले. मग एक खोडला आणि पुन्हा शंभर लिहिलं.

‘असू दे,’ म्हणाले, आणि बंद केलं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी हे लवकर उठले. थर्मास भरला, नेहमीपेक्षा मोठा. मी विचारलं, इतक्या लवकर कुठे? म्हणाले, ‘आईकडे. झाकणंबिकणं काही असतील तर बघून येतो.’ तिथून कामावर गेले. संध्याकाळी परत येताना पुन्हा आईकडे. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. नळ गळायच्या आत वायसर बदललं. बरण्यांची झाकणं सैल करून ठेवली. चष्म्याला दोरी बांधली. न्हाणीघराचा उंबरठा घासून सपाट केला. सासूबाईंच्या घरात आता काही बिघडायला जागाच उरली नाही. रविवारी मी गेले तर शाल खुर्चीवर होती आणि उशी पलंगावर. मी दोनदा बघितलं.

आमचा फोन अजूनही वाजत नाही. हे त्याच्याकडे बघतही नाहीत आणि न्हाणीघराचं दार लावून आंघोळ करतात. मी बहिणीशी पोटभर बोलते. परवा संध्याकाळी हे आईकडून येऊन नुकतेच टेकले होते, तेवढ्यात फोन वाजला. भावजींचा होता. मी शेजारी होते, मला सगळं ऐकू येत होतं.

‘दादा, एक विचारू? आई हल्ली बटणच दाबत नाही. कितीतरी दिवस झाले. मी मुद्दाम बघतो, फोन चालू आहे, रेंज आहे. मला काढून टाकलंस का रे?’

भावजींच्या आवाजात जे होतं, ते मी ह्यांच्या आवाजात इतकी वर्षं ऐकत आले आहे. चुकण्यासारखं नाही. ह्यांनीही ओळखलं असावं, कारण ह्यांचा चेहरा असा निवळला की जणू कुणाच्या घरी टोन आला.

‘नाही रे,’ हे अगदी मायेने म्हणाले. ‘बघ उघडून. तू दहा, मी शंभर. पहिला तूच आहेस.’

‘मग ठीक आहे. तरी मी एकदा जाऊन येतो तिच्याकडे.’

‘जा की. तुझीच आई आहे,’ हे म्हणाले आणि फोन ठेवला.

मग वाकून घाईघाईने बूट चढवायला लागले.

‘आता कुठे? आत्ताच तर आलात.’

‘आईकडे,’ हे नाडी बांधत म्हणाले. ‘तो पोचायच्या आत जाऊन येतो.’